एकच वंदे भारत दिवसात दोन फेऱ्या कशी मारते?

नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक बघा. नागपूरहून पहाटे ५.००, सिकंदराबादला दुपारी १२.१५. तिथून १.०० वाजता परत, नागपूरला रात्री ८.२०. नंबर दोन, २०१०१ आणि २०१०२, पण गाडी एकच. डब्यांच्या अशा जोडलेल्या संचाला रेल्वेत रेक म्हणतात. हा एक रेक दिवसाला साधारण ११५० किलोमीटर धावतो आणि सिकंदराबादला थांबतो जेमतेम ४५ मिनिटं.

हे जमतं कसं? साध्या गाडीचं इंजिन शेवटच्या स्टेशनवर सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं. वंदे भारतला वेगळं इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली आणि चालकाची केबिन दोन्ही टोकांना. राहिली सफाई. वंदे भारत १४ मिनिटांत साफ करायची पद्धत रेल्वेने १ ऑक्टोबर २०२३ ला आणली, सुरुवातीच्या स्टेशनांत आपलं नागपूरही होतं. प्रत्येक डब्याला वेगळी माणसं, सगळे डबे एकाच वेळी. कल्पना जपानची; टोकियोला शिंकान्सेन ७ मिनिटांत झाडून-पुसून तयार होते.

आता अजनी-पुणे वंदे भारत घ्या. ८८१ किलोमीटर, १२ तास. पोचेपर्यंत दिवस संपतो, त्यामुळे परतीसाठी दुसरा रेक लागतोच. म्हणजे जास्त अंतराची गाडी असूनही तिचा रेक दिवसाला कमी धावतो. गंमत आहे ना?

पण दोन फेऱ्यांची किंमत कोण मोजतं? आपण. एका दिवसात जाऊन यायचं तर गाडी पहाटेच सोडावी लागते. यवतमाळच्या पोराला ती सेवाग्रामला सहाच्या आत गाठायची, म्हणजे सत्तरेक किलोमीटर आधीच तुडवायचे. एवढ्या पहाटे एसटी कुठली? त्यापेक्षा पांढरकवड्यावरून रात्रीची ट्रॅव्हल्स बरी, असं कुणी म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही. मुळात २० डब्यांची ही गाडी प्रवासी कमी म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ८ डब्यांची झाली. फेऱ्या पूर्ण, खुर्च्या रिकाम्या, असा वापर काय कामाचा? उरलेले डबे गर्दीच्या मार्गावर नेणं हाही ताफ्याचा वापर वाढवणंच आहे. माझ्या मते मात्र पहाटेच्या गाडीला जोडून यवतमाळहून एक बस सोडून बघायला हवी होती.

दुसरी अडचण उशिराची. ४५ मिनिटांत सफाई वगैरे धरली तर हाताशी अर्धा तासही उरत नाही. सकाळची गाडी तासभर रखडली की परतीचीही रखडणार. म्हणून सिकंदराबादहून निघताना ‘व्हेअर इज माय ट्रेन’वर २०१०२ शोधत बसू नका, ती तर अजून सुटलेलीच नसते. सकाळी ११ वाजता २०१०१ कुठे आहे ते बघा.