दयेला नियमांची जोड

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमस्थानी त्र्यंबकेश्वर वसले आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वात तेथील कुशावर्त तीर्थाभोवती यात्रेकरूंची अलोट दाटी होते. अशा गर्दीत आईचा हात सुटून एखादे मूल वाट चुकले, तर? कोणी दयाळू गृहस्थ त्याचे डोळे पुसील, त्याला खाऊ देईल आणि ‘मी याला माझ्या घरी सांभाळतो’ असे म्हणेल. त्याचा हेतू चांगला असेल; पण रडत फिरणाऱ्या आईला आपले मूल कोठे आहे हे कसे कळावे? शिवाय, प्रत्येक अनोळखी माणसाचा हेतू चांगलाच असतो असे थोडेच आहे?

म्हणूनच दयेला नियमांची जोड द्यावी लागते. मुंबई इलाख्यात मुलांच्या रक्षणासाठी १९२४ साली स्वतंत्र कायदा झाला. आज साऱ्या देशात २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. हरवलेले किंवा निराधार मूल ज्याला आढळेल, त्याने चोवीस तासांच्या आत पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळविले पाहिजे. न कळविणे हा गुन्हा होय.

बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांपैकी निदान एक स्त्री असावीच लागते. समिती प्रथम मुलाच्या आईबापांचा शोध घेते, कारण मुलाचे खरे स्थान घरात आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, असे कायदाच सांगतो.

ज्याला घरच उरले नाही, त्याच्यासाठी बालगृह असते. परंतु कोणाच्या मनात आले आणि त्याने चार मुले जमवून आश्रम काढला, असे चालत नाही. प्रत्येक बालगृहाची सरकारदरबारी नोंदणी व्हावी लागते व दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. नोंदणीवाचून बालगृह चालविणारा शिक्षेस पात्र ठरतो. तेथे अन्न, वस्त्र, औषधोपचार व शिक्षण यांची सोय हवी. ती आहे की नाही हे पाहण्यासाठी तपासणी समिती दर तीन महिन्यांनी येते. तिच्यात एक स्त्री व एक डॉक्टर असतात.

आणखी एक नियम लहानसा, पण मोठा अर्थपूर्ण आहे. बालगृहात मुलांसाठी सूचनापेटी ठेवावी लागते आणि तीही कार्यालयापासून दूर. तिची किल्ली बालगृहाच्या प्रमुखाकडे नसते. ती व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असते. असे का बरे? ज्याच्याविषयी तक्रार करावयाची, त्याच्याच हाती किल्ली असेल, तर भ्यालेले मूल चिठ्ठी टाकील काय?

अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे मूल बालगृहातून बाहेर पडते. तेव्हाही त्याला वाऱ्यावर सोडून न देता, पायांवर उभे राहण्यासाठी साहाय्य करावे, अशी तरतूद कायद्यात आहे.

अन्नदान करणाऱ्याचे हात उदार असतात. पण आश्रितांना न्याय मिळावा यासाठी उदारतेवरही कोणाची तरी नजर हवी. आधार ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो प्रत्येक मुलाचा हक्क आहे.