अंगात ताकद आहे, मग कॅन्सर कसा?

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये किंवा लूम्सच्या खात्यात बारा तासांची पाळी करणारा माणूस लेचापेचा नसतो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून सुरत-भुसावळ मार्गाने येऊन उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसऱ्यात संसार थाटलेल्या खानदेशी कुटुंबांत अशी कष्टाची माणसं घरोघरी आहेत. कापडाजवळ विडी पेटवता येत नाही, म्हणून गालात तंबाखू-सुपारीचा मावा. गालात चट्टा उठला की पहिलं वाक्य येतं, "मला साधा ताप येत नाही, कॅन्सर कुठला?" तपासणीत कॅन्सर निघाला की घरातले म्हणतात, "प्रतिकारशक्ती कमी पडली." दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समज आहे: शरीराचे रक्षक एका बाजूला, कॅन्सर दुसऱ्या बाजूला, आणि ज्याच्यात जोर तो जिंकणार.

प्रत्यक्षात तोंडाच्या कॅन्सरची गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यात कॅन्सरच्या पेशींच्या शेजारीच प्रतिकारपेशींची गर्दी दिसते. गाठींत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं. त्या तिथे काय करतात, हे समजायला मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली.

"पांढऱ्या पेशी कॅन्सरला खाऊन टाकतात."

काही पेशी खरोखर मारतात. मारक टी पेशी आणि एनके पेशी बिघडलेली पेशी ओळखून संपवतात. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना ओठांचा कॅन्सर जास्त होतो, तो हा पहारा सैल पडल्यामुळे. म्हणजे समज अगदीच निराधार नाही. पण तो अर्धा आहे, आणि घात करतो तो उरलेला अर्धा भाग.

तंबाखू, सुपारी आणि चुना वर्षानुवर्षं एकाच जागी धरून ठेवला की गालाची आतली त्वचा रोज भाजते. जखम झाली की मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. घाण उचलायची, नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करायची, पेशी वाढायचा निरोप द्यायचा, हे त्यांचं कामच आहे. साधी जखम आठवड्यात भरते आणि त्या परततात. मावा रोज आत जातो तेव्हा जखम भरतच नाही आणि दुरुस्तीचं काम थांबत नाही. हार्वर्डच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीची तुलना कधीही न भरणाऱ्या जखमेशी केली, ती यामुळेच. या धुमश्चक्रीत कॅन्सरची पेशी जन्मली की तिला सगळं आयतं मिळतं: मॅक्रोफेजच्या निरोपाने रक्तपुरवठा, न्यूट्रोफिलच्या विकरांनी विरघळलेली ऊती म्हणजे पसरायला वाट, आणि वाढीची रसायनं तर आधीच हजर.

त्यात भर नियामक टी पेशींची. प्रतिकारशक्तीने आपल्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून या पेशी बाकीच्यांना आवर घालतात. त्यांच्या शोधाबद्दल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. निरोगी शरीरात त्या वरदान आहेत. गाठीत त्या जमल्या की मारक पेशी हातावर हात धरून बसतात. कॅन्सरची पेशी स्वतःही अनेकदा अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन वागवते आणि त्याच्या स्पर्शाने टी पेशीला थांबवते.

थोडक्यात, अंगातली ताकद कमी पडलेली नसते. तीच ताकद कॅन्सरच्या चाकरीला लागलेली असते. म्हणून पस्तिशीतला धडधाकट माणूसही सुटत नाही.

"रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे शरीर लढतंय."

सीबीसीचा, म्हणजे रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोणत्या पेशी वाढल्या हे पाहावं लागतं. लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या मानाने न्यूट्रोफिल फार वाढलेले असतील, तर अशा रुग्णांची पुढची वाटचाल बिकट असते, असं तोंडाच्या कॅन्सरवरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी."

याच्याइतका महाग पडणारा गैरसमज दुसरा नसेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविना सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालात सतत सूज राहते, प्रतिकारपेशी रसायनं सोडत राहतात, आणि त्यांच्या सांगण्यावरून तंतू बनवणाऱ्या पेशी गालात कोलॅजन भरत जातात. गाल पांढुरका, ताठ होतो, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. हा सबम्युकस फायब्रोसिस. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली, तेव्हा ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला. गुजरातेत २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पानमसाल्याची आणि तंबाखूची वेगवेगळी पुडी घेऊन तळहातावर एक करायला कोणता कायदा आडवा येतो? घरातल्या बायकांची मिश्रीही या धोक्यातून सुटत नाही.

"गुळवेल, काढे, प्रतिकारशक्तीची पावडर घेतो ना!"

प्रतिकारशक्ती ही बाटलीतून वाढवायची एकच एक गोष्ट असती, तर वाढवलेल्यात मॅक्रोफेज आणि नियामक टी पेशीही आल्याच असत्या. असल्या पावडरीने तोंडाचा कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, आणि तिच्या भरवशावर गेलेले तीन महिने परत मिळत नाहीत.

इम्युनोथेरपी ही वेगळी गोष्ट. ती ताकद वाढवत नाही, टी पेशींवर लागलेला लगाम सोडते. हा लगाम सोडून कॅन्सरवर उपचार करता येतो हे शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. लगाम सुटलेल्या पेशी कधी थायरॉइड, आतडी, फुप्फुसांवरही जातात, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीचंच काम. शिवाय औषध भयंकर महाग. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. डोकं-मानेचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना तीन स्वस्त गोळ्या दिल्या, बाकीच्यांना त्याच गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभराने पहिल्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. त्या तीन गोळ्यांतली एक, सेलेकॉक्सिब, सूज उतरवणारी आहे, हे मघाच्या न भरणाऱ्या जखमेच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखं आहे.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो."

पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, एवढंच.

भारतात २०२२ मध्ये ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. जगातल्या एकूण रुग्णांच्या तिसऱ्या हिश्श्याहून हे जास्त. पण तोंड हा आरशात दिसणारा अवयव आहे. तिरुवनंतपुरममध्ये आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारा फोड, मानेत गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर दुखायची वाट न पाहता सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवा. मावा सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक आहे १८००-११-२३५६. फोन फुकट लागतो.