गाठ चिरली की टीबी कळतो

नागपुरातून बोलतोय. सावजी रस्सा समोर आला की आपण तिखट किती तेवढंच विचारतो. मटण कुणी तपासलं, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

टीबी म्हशींना होतो, कधी बकऱ्यांनाही. पण जनावर बरेचदा धडधाकट दिसतं. म्हणून कत्तलीनंतर पशुवैद्यक डोक्यातल्या, फुफ्फुसांजवळच्या आणि आतड्यांजवळच्या लसीका गाठी चिरून बघतात. आत पिवळसर, पनीरसारखा चुरा दिसला, सुरी वाळूवर घासल्यासारखी करकरली, की टीबीचा संशय. खात्री प्रयोगशाळेत. रोग एकाच जागी असेल तर तो भाग बाद, अंगभर असेल तर अख्खं जनावर. आणि सुरी ८२ अंशांच्या गरम पाण्यात!

नीट शिजवलं तर जंतू मरतात. पण त्याच गोठ्यातलं कच्चं दूध कुणीतरी पीत असतं, म्हणून ही खबर गोठ्यापर्यंत पोचायला हवी. उघड्यावर कापलेल्या जनावराची गाठ कुणी चिरतच नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, ती याच विचारातून: माणूस आणि जनावर, आरोग्य एकच.

तर दूध उकळा, मटण नीट शिजवा आणि दुकानात तपासणीचा शिक्का विचारा. मी आता विचारतो.