क्षयरोग : कालचे शास्त्र, आजचे गैरसमज

क्षयरोगाच्या उपचारांविषयी समाजात जे गैरसमज आढळतात ते केवळ अज्ञानातून निर्माण झाले आहेत, असे सुशिक्षितांचे एक सोयीचे मत आहे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. ह्यांतील पुष्कळसे समज म्हणजे कालबाह्य झालेले वैद्यकशास्त्रच होय. रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधले. परंतु त्यांवरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती लागण्यास १९४३ साल उजाडले. मधल्या साठ वर्षांत स्वच्छ हवा, संपूर्ण विश्रांती आणि दूध-अंडी ह्यांपलीकडे डॉक्टरांजवळही फारसे काही नव्हते. मिरज-पाचगणीची आरोग्यधामे ह्याच विचाराची अपत्ये. साधनांची कमतरता नसतानाही कमला नेहरूंचा १९३६ मध्ये लोझान येथे अंत झाला, ही त्या काळाची मर्यादा होती. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले ते सुईवाटे. साहजिकच ‘सुई टोचल्याखेरीज गुण येत नाही’ ही श्रद्धाही रुजली. आज नव्या रुग्णाचा नेहमीचा उपचार केवळ गोळ्यांनी होतो. श्रद्धा मात्र टिकून आहे.

आरोग्यधामाची आवश्यकता भारतातच खोटी ठरली, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नाही. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राने शहरातील १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात ठेवून विश्रांती व चांगला आहार दिला. दुसऱ्यास दाटीवाटीच्या घरांतच ठेवले. औषधे दोहोंस तीच, वर्षभर. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की घरच्या रुग्णांची प्रगती जवळजवळ तितकीच चांगली होती. इतकेच नव्हे, तर त्यांच्या कुटुंबीयांतही रोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. कारण उघड आहे. हा रोग श्वासावाटे पसरतो, ताटवाटीतून नव्हे. शिवाय योग्य औषध सुरू झाले की रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. जास्तीत जास्त धोका असतो तो निदानापूर्वीच्या काळात, म्हणजे घरातील मंडळी ‘साधा खोकला आहे’ असे म्हणत असतात तेव्हा. त्यानंतर सुनेचे ताट वेगळे करून काय साधते?

परंतु सर्वांत घातक समज आहे तो ‘बरे वाटले म्हणजे बरे झाले’ हा. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिल्या दोन महिन्यांत वेगाने वाढणारे जंतू मोठ्या संख्येने मरतात. ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते. मंदगतीने जगणारे जंतू मात्र शिल्लक राहतात आणि उरलेले चार महिने त्यांच्यासाठी असतात. मध्येच गोळ्या सोडल्यास रोग उलटू शकतो. औषधे अनियमित किंवा अपुरी घेतली गेली तर त्यांना दाद न देणारे जंतू शिरजोर होतात आणि तेच जंतू पुढे शेजाऱ्याच्या फुप्फुसातही जातात. रिफाम्पिसिनमुळे लघवी तांबूस होते. हा निरुपद्रवी परिणाम आहे. पण तो अगोदर कोणी न सांगितल्याने ‘औषध उष्ण पडले’ म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण आढळतात. काविळीसारखी लक्षणे दिसल्यास मात्र डॉक्टरांकडे तातडीने जावयास हवे.

तथापि उपचार सोडणाऱ्यास केवळ बेजबाबदार ठरविणे हा हिशेबातील दोष आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते हे खरे. बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे भाडे कोणी भरून देत नाही. बीडकडील ऊसतोडणी कामगाराची सहा महिन्यांची रोजी कारखान्याच्या गाळप हंगामात सामावलेली असते. बरे वाटू लागताच तो कोयता उचलतो ह्यात आश्चर्य कसले?

आता तज्ज्ञांच्या गैरसमजाकडे वळू. मद्रासच्या प्रयोगाने सिद्ध झाले ते इतकेच, की नियमित औषध घेणारा रुग्ण निकृष्ट आहारावरही बरा होऊ शकतो. त्यावरून ‘आहार गौण आहे’ असा अर्थ काढला गेला आणि आहाराचा प्रश्न अनेक वर्षे बाजूस पडला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ ह्या काळात झालेल्या प्रयोगाने ही उणीव दाखवून दिली. रुग्णांच्या कुटुंबीयांपैकी ज्यांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वे मिळाली, त्यांच्यात क्षयाची नवी लागण ३९ टक्क्यांनी कमी आढळली. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाणही बरेच कमी होते. म्हणजे महागड्या टॉनिकांच्या बाटल्यांवर पैसे उधळणारे मध्यमवर्गीय कुटुंब आणि आहाराकडे पाठ फिरविणारा नियोजनकार, दोघेही चुकले. उत्तर होते तांदूळ आणि डाळ. औषधाला पर्याय म्हणून नव्हे, औषधाच्या जोडीने.

निक्षय पोषण योजनेखाली रुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. सहा महिन्यांचे ६,००० रुपये होतात, पण ते रुग्णापुरते. झारखंडमध्ये ज्यांच्या ताटातील भाताने रोग अडविला, त्या घरातील इतर माणसांना शिधा मिळावा म्हणून २०२४ मध्ये त्यांचा समावेश ‘निक्षय मित्र’ उपक्रमात करण्यात आला. हा शिधा मात्र स्वेच्छेने पुढे येणाऱ्या दात्यांवर अवलंबून आहे.