आधी पिंपळाचं एक पान कोरा

पुण्याच्या विश्रामबागवाड्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू पाहिली की आपणही हे शिकावं असं वाटतं. मग सागाची फळी येते, पटाश्यांचा मोठा संच येतो, पहिल्याच दिवशी गणपती कोरायला घेतला जातो आणि थोड्याच दिवसांत सगळं माळ्यावर जातं. हात वाईट नसतो, समजुती चुकलेल्या असतात.

“खरं काम सागावरच होतं.” साग वाड्यांना लागतो तो टिकाऊपणासाठी. नवख्याला तो जड जातो. त्यात सिलिका असल्याने पटाशीची धारही लवकर मरते. शिकायला शिवण बरी. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची होत आली आहेत. मऊ लाकूड शिकाऊंसाठीच, असंही नाही. ग्रिनलिंग गिबन्सने १७व्या शतकात इंग्लंडमध्ये फुलापानांचं अतिशय नाजूक काम केलं ते लाइम या मऊ लाकडात.

“धारदार पटाशी हात कापते.” बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. फळी क्लॅम्पने आवळा, दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा आणि मधूनमधून पातं चामड्याच्या पट्ट्यावर ओढा. हत्यारंही सुरुवातीला तीनच पुरतात: एक सपाट, एक गोल आणि एक व्ही आकाराची पटाशी.

“सरावाचे तुकडे म्हणजे वेळेचा अपव्यय.” सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. चित्रकला येत नसली तरी चालेल, खरं पान ठेवून कडा गिरवा. पिंपळपान तळहाताएवढं, देठापासून टोकापर्यंत तंतूंच्या दिशेने. पटाशी उभी धरून मोगरीने कडेवर ठोके द्यायचे, पण रेघेच्या किंचित बाहेर. पातं पाचरीसारखं घुसतं, त्यामुळे बरोबर रेघेवर ठोकलं तर पानाचीच कड चेपते. मग गोल पटाशीने भोवतालची जमीन पाचेक मिलिमीटर खाली घ्यायची.

आता कड साफ करताना लाकूड बोलायला लागतं. पानाच्या सर्वांत रुंद भागाकडून टोकाकडे गेलात तर पटाशी गुळगुळीत जाते. उलट, टोकाकडून पोटाकडे आलात तर धार तंतूंखाली शिरते आणि ढलपी उचकटते. देठाच्या बाजूलाही पोटाकडूनच निघायचं. म्हणजे एकाच कडेवर मध्येच दिशा बदलावी लागते, आणि हे पुस्तकात वाचून हातात उतरत नाही. दुसरं पान त्याच फळीवर आडवं कोरा. चित्र तेच, पण आता लांब टोकात तंतू आखूड पडतात आणि ते हमखास मोडू पाहतं. मूर्तीची बोटं, पक्ष्याची चोच का तुटते, ते इथे कळतं.

“राहिलेलं पॉलिश पेपर सांभाळून घेईल.” पेपरने कड बोथटते, पटाशीने उमटलेली सफाई जाते. शिवाय त्याची वाळू लाकडात अडकते आणि पुन्हा कोरायला घेतलंत तर धार खाते. घासायचंच असेल तर कोरणं पूर्ण संपल्यावर, मास्क लावून आणि शक्यतो अंगणात घासा. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे.