हायड्रोजनची गाडी : पैसा जनतेचा, प्रवास कुणाचा?

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने हायड्रोजनवर चालणाऱ्या ३७ बस आणि ट्रकच्या चाचणीला मंजुरी दिली. मार्गांच्या यादीत पुणे-मुंबईही आहे. सरकारी मदत सुमारे २०८ कोटींची. बातमी वाचून अभ्यासिकेतल्या मुलांनी आम्हाला विचारलं, "यात आपल्याला काय?"

आधी तंत्र समजून घेऊ. पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन वेगळा काढतात, दाबून टाकीत भरतात. गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पुन्हा वीज तयार होते आणि तिच्यावर मोटार फिरते. धूर नाही, फक्त पाण्याची वाफ. (३७ पैकी १५ गाड्याच अशा आहेत, उरलेल्या २२ मध्ये हायड्रोजन थेट इंजिनात जळतो.)

खरी मेख इथेच आहे. विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची पुन्हा वीज! एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. शंभर युनिटमधले जेमतेम तीस चाकापर्यंत पोहोचतात. तीच वीज बॅटरीत भरली तर सत्तरच्या वर. किलोमागे किमान ९ लिटर शुद्ध पाणीही लागतं. उसाच्या मानाने हे काहीच नाही, पण प्रकल्प कुठल्या तालुक्यात उभा राहतो हे बघावंच लागेल.

मग हायड्रोजन नकोच का? तसं नाही. आज खत कारखाने आणि तेल शुद्धीकरणात वापरला जाणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. तिथे आणि पोलाद उद्योगात हरित हायड्रोजन आधी हवा. २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या १९,७४४ कोटींपैकी बहुतांश रक्कम उत्पादनासाठी आहे, हे बरोबरच आहे. लांब पल्ल्याच्या जड ट्रकची चाचणीही व्हावी. पण हायड्रोजनच्या खासगी मोटारींवर सार्वजनिक पैसा घालायला आमचा विरोध आहे. आपली माणसं एसटीने जातात. तोच पैसा इलेक्ट्रिक बसला द्या.

१९४२ ते ४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, वीज आणि पाण्याचं धोरण त्यांच्याकडे होतं. ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी विजेचा प्रश्न थेट गरिबीशी जोडला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह होता. ७० टक्के वीज वाटेतच गमावणारी मोटार या कसोटीला कशी उतरणार?

आणखी एक मुद्दा, ज्यावर कुणी बोलत नाही. सरकारी तेल कंपन्यांच्या पेट्रोल पंप वाटपात अनुसूचित जाती-जमातींचा २२.५ टक्के वाटा असतो. उद्या हायड्रोजनचे पंप निघाले तर तो वाटा राहील का? आयटीआयमध्ये फ्युएल सेलचे अभ्यासक्रम आले तर जागा कुणाला मिळतील? कार्यकर्त्यांनी हे प्रश्न खासदारांना लेखी विचारावेत, आणि तेही चाचणी सुरू असतानाच. नियम ठरल्यावर विचारून उपयोग नाही.