सरासरीची शाब्दिक उदाहरणे : बेरजेकडून समीकरणाकडे

सरासरीचे सूत्र बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु शाब्दिक उदाहरण समोर आले की ते अडखळतात. सरासरी ही स्वतंत्र संख्या आहे असे समजून तिचीच बेरीज-वजाबाकी करणे, हे त्याचे प्रमुख कारण होय.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) खड्ड्याची रुंदी सर्वत्र सारखी नसल्यास ती अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करून ठिकाणांच्या संख्येने भागावे व आलेले माप घनफळासाठी घ्यावे, अशी रीत दिली आहे. म्हणजे असमान मापांच्या जागी ठेवता येईल असे समान माप म्हणजे सरासरी. यावरून समीकरणाची किल्ली मिळते :

एकूण बेरीज = सरासरी × संख्या

उदाहरण १ : चार चाचण्यांतील गुणांची सरासरी ६२ आहे. पाचवीत किती गुण मिळाल्यास सरासरी ६५ होईल? अनेक विद्यार्थी ६८ हे उत्तर देतात, कारण ६२ व ६८ यांचा मध्य ६५ येतो. येथे चार चाचण्यांना एकाच चाचणीइतके वजन दिले जाते. पाचव्या चाचणीचे गुण क्ष मानू.

४ × ६२ + क्ष = ५ × ६५
२४८ + क्ष = ३२५
∴ क्ष = ७७

उदाहरण २ : एका तुकडीत ४० विद्यार्थी असून त्यांची सरासरी ५४ आहे. दुसऱ्या तुकडीची सरासरी ६६ व दोन्हींची मिळून ५८ आहे. दुसऱ्या तुकडीत विद्यार्थी किती? ती संख्या क्ष मानू.

४० × ५४ + ६६क्ष = ५८(४० + क्ष)
२१६० + ६६क्ष = २३२० + ५८क्ष
८क्ष = १६०
∴ क्ष = २०

एकत्रित सरासरी ६० न येता ५८ आली, म्हणजे ती मोठ्या तुकडीकडे झुकली. समीकरण मांडण्यापूर्वीच हा अंदाज विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. चुकीचे उत्तर त्यांना स्वतःच ओळखता येते.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. समजा, एका विषयाच्या ६० तासिकांपैकी ५४ तासिकांना (९० टक्के) व दुसऱ्याच्या २० पैकी १० तासिकांना (५० टक्के) विद्यार्थी हजर होता. टक्केवारींची सरासरी ७० येते. प्रत्यक्षात ८० पैकी ६४ तासिका, म्हणजे ८० टक्के हजेरी भरते. एकूण तासिकांवर ७५ टक्के हजेरीची अट असेल, तर पहिल्या हिशेबाने त्या विद्यार्थ्याला विनाकारण परीक्षेला मुकावे लागेल.

तात्पर्य, वर्गात प्रत्येक उदाहरणाला दोन प्रश्न आधी विचारावेत : ही सरासरी कितींची आहे? आणि त्यांची एकूण बेरीज किती? या दोहोंची उत्तरे मिळाली की समीकरण मांडणे सोपे जाते.